पहिली सुरी तडकली, दुसरी मऊ राहिली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझी समजूत चुकत असेल तर तिथंच कळेल.

साताऱ्याजवळच्या गावातल्या घरी, परसात तुम्ही ट्रकच्या ब्रेक ड्रमची भट्टी केली आहे. हवा द्यायला हेअर ड्रायर. भंगारातून आणलेल्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून सहा-सहा इंचांच्या दोन सुऱ्या घडवल्या. पहिली लालभडक तापवून बादलीतल्या पाण्यात बुडवली, 'टण्' असा आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला. दुसऱ्या वेळी सावध होऊन चुंबक लावत बसलात. ते चिकटेनासं झालं त्या क्षणी सुरी गाडीच्या जळक्या तेलात घातली. ती तडकली नाही, पण कानस तिला सहज खाते आणि दोन नारळ सोलले तोवर धार एका अंगाला वळली. गावच्या लोहारांनी बघून "पाणी बसलं नाही" एवढंच सांगितलं. आता तुम्ही विचारताय की कोणतं पोलाद मागवू, परदेशातून मागवावं लागेल का, आणि बुडवायचं ते पाण्यात की तेलात.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात नोकरी करून निवृत्त झालो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली अकरा वर्षं हौसेनं भट्टी पेटवतो. पोटासाठी करत नाही, त्यामुळे पिढीजात लोहाराच्या हातातली सफाई माझ्याकडे नाही. पण तुमच्या या दोन्ही चुका मी केल्यात, त्याही तुमच्यापेक्षा जास्त वेळा.

माझ्या मते तुमची अडचण पोलादाची नाहीच. सुरी किती तापली आहे हे तुमच्या डोळ्याला अजून कळत नाही. दोन्ही सुऱ्या तिथंच बिघडल्या, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या. परदेशी पोलाद आणलंत तर तेही असंच बिघडेल, फक्त महागात. लोहारांनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे. त्यांनी ते तीन शब्दांत सांगितलं, मला जरा जास्त लागतील.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत हेही कबूल करतो. पाटा कोणत्या गाडीचा, किती जुना, सुरी किती जाड, भट्टीवर सावली होती की ऊन, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही लिहिलंत त्यावरून सर्वांत जास्त शक्यता कशाची, तेवढं सांगतो.

आधी पहिली सुरी. पोलाद एका ठरावीक तापमानाच्या वर गेलं की आतली रचना बदलते आणि त्यातला कार्बन लोखंडात पुरता विरघळतो. तिथून झटकन निववलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतच अडकतो. त्यातून जी ताणलेली, कडक रचना होते तिलाच आपण पाणी चढणं म्हणतो, मग सुरी तेलात बुडवलेली असली तरी. ही नवी रचना जुनीपेक्षा किंचित जास्त जागा घेते. पातळ धार आधी निवते आणि फुगून बसते. जाड पाठ मागून निवते आणि मागून फुगते. या ओढाताणीत सुरी फाटते. पाट्याच्या पोलादात मँगनीज, सिलिकॉन, कधी क्रोमियम असतं, त्यामुळे ते सावकाश निववलं तरी कडक होतं. त्याला पाण्याचा झटका लागतच नाही. त्यातून सुरी गरजेपेक्षा जास्त तापलेली असेल, आणि 'लालभडक' या शब्दावरून मला तसंच वाटतं, तर आतले कणही मोठे झालेले असणार. मोठ्या कणांचं पोलाद ठिसूळ. जास्त ताव (म्हणजे जास्त तापवणं), पाणी आणि पातळ धार असे तिन्ही एकत्र आल्यावर 'टण्' ऐकू येणारच.

आता दुसरी, जिचं तुम्हाला जास्त कोडं पडलंय. चुंबक आपल्याला फसवत नाही, आपण त्याच्याकडून नको ते ऐकतो. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंड चुंबकाला सोडतं. त्यातून एवढंच कळतं की पातं ७७० पर्यंत पोचलं. पाणी द्यायची वेळ झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. साध्या कार्बन पोलादाला तिथून थोडं वर गेलं की पुरतं, म्हणून इंटरनेटवरच्या व्हिडिओंत चुंबकाची ही युक्ती दाखवणाऱ्यांना ती जमते. आपल्याकडे पाट्यांना बहुधा सिलिकॉन-मँगनीज जातीचं पोलाद असतं. इएन ४५ हे त्यातलंच: कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. सिलिकॉनमुळे रचना बदलण्याचं तापमान वर सरकतं. अशा पोलादाला ८५० ते ९०० अंश लागतात. तुम्ही शंभर अंश आधीच सुरी तेलात घातलीत. त्यात चुंबक लावायला ती भट्टीबाहेर काढलीत, तेवढ्यात पातळ धारेची आणखी थोडी उष्णता गेली. वर तेल गार. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती फिरत नाही, त्यामुळे सुरी फार हळू निवते. ऐकायला उलटं वाटेल, पण ५०-६० अंशांचं कोमट तेल गार तेलापेक्षा लवकर निववतं.

इथवरचं थोडक्यात: पहिली जास्त तापली आणि फार झपाट्यानं निवली, दुसरी कमी तापली आणि फार सावकाश निवली.

दुसरीबद्दल अजून एक शंका आहे, ती आधी तपासा. भट्टीत तापताना पोलादाच्या कातडीतला कार्बन जळून जातो. हा थर कागदाएवढा असला तरी मऊ असतो. कानस त्याच थरावर चालवून "मऊ आहे" म्हणत असाल तर ती परीक्षा खोटी. धारेजवळ अर्धा मिलीमीटर घासून काढा आणि पुन्हा कानस लावा. आतून कानस काचेवर घसरावी तशी घसरली तर सुरी वाचली. तुमची धार वळली यावरून मला फारशी आशा नाही, पण पाच मिनिटांचं काम आहे.

आता भट्टी. हेअर ड्रायर छोट्या भट्टीला फार जोराची हवा देतो. जास्त हवा म्हणजे कोळसा लवकर संपतो, लोखंडावर खपल्या धरतात आणि वर सांगितलेला मऊ थर वाढतो. ड्रायर आणि नळी यांच्यामध्ये चार बोटांची फट ठेवा आणि ड्रायर पुढे-मागे सरकवून हवा कमी-जास्त करा. माझा पहिला भाता असाच होता, फट मोजायला लाकडी पट्टीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. दुसरं म्हणजे विस्तव खोल हवा. हवेच्या तोंडावर किमान चार-पाच इंच पेटते कोळसे आणि त्यावर सुरी, वरून पुन्हा कोळसे. सुरी तोंडाजवळ धरलीत तर ती भाजली जाते पण सारखी तापत नाही.

सारखी तापणं हाच सुरीचा खरा त्रास. टोक आणि धार केशरी होतात तेव्हा पाठ अजून काळपट असते. यावर मला उद्यमनगरातच एका जुन्या कामगारानं तोडगा सांगितला होता. साध्या काळ्या लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा घ्यायचा, एका टोकाला ठोकून बंद करायचा आणि कोळशात आडवा पुरायचा. पाइप आतून एकसारखा लाल झाला की सुरी त्यात सरकवायची. कोळसा लागत नाही, थेट हवा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे आत डोकावून रंग नीट दिसतो. पाइप गॅल्व्हनाइज्ड नको, हे अधोरेखित करून घ्या. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. एकदा अनुभव घेतलाय, दुसऱ्यांदा घ्यायची इच्छा नाही.

रंग दिवसा बघू नका. दुपारी उन्हात ८५० अंशांचं पातं काळपट दिसतं, म्हणून माणूस भाता मारत राहतो. तेच पातं अंधारात झगझगीत दिसतं, म्हणून घाबरून लवकर काढतो. लोहारांचे पाल आणि शेड अंधारे असतात ते काही जागा मिळाली नाही म्हणून नव्हे. मी पाणी द्यायचं काम दिवेलागणीला करतो, रोज त्याच वेळी, म्हणजे डोळ्याला एकच मोजमाप राहतं. अगदी अंधुक काळपट लाल म्हणजे ६०० च्या आसपास. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होतो तिथं चुंबक सुटायला लागतं. त्याच्या वर, लालात केशराची छटा दिसू लागली की पाट्याचं पोलाद बुडवायला तयार. पिवळं झालं तर सुरीपुरतं पुढे गेलात.

या रंगांची नावं वाचून काही होणार नाही, तुमचं डाळिंब आणि माझं डाळिंब वेगळं असेल. पण एक खूण अशी आहे की जी कुणाच्या शब्दांवर अवलंबून नाही. अंधारात पाइपमध्ये सुरी हळूहळू तापवा आणि नजर हलवू नका. रंग चढत असताना मध्येच पात्यावर काळसर सावल्या सरकताना दिसतील, ढगाची सावली शेतावरून जावी तशा. त्या क्षणी आतली रचना बदलत असते आणि त्या कामाला उष्णता खर्च होते, म्हणून ती जागा क्षणभर काळवंडते. सावली धारेकडून पाठीकडे जाऊन पूर्ण विरली आणि सगळं पातं एकसारखं उजळलं की समजा तुम्ही हद्द ओलांडली. त्यावर एक छटा आणि मग थेट तेल. बाहेर काढून गार होऊ दिलंत तर उलटा खेळ दिसतो: काळवंडत चाललेलं पातं मध्येच आपोआप किंचित उजळतं. हे पहिल्यांदा दिसलं त्या संध्याकाळी मी तीच पट्टी वीस-पंचवीस वेळा तापवली असेल. जेवायला हाका येत होत्या.

म्हणून तिसरी सुरी करायच्या आधी एक संध्याकाळ नुसत्या पट्ट्यांवर घालवा. त्याच पाट्यातून बोटाएवढ्या पाच पट्ट्या कापा, जाडी सुरीएवढी. एक डाळिंबी रंगावर तेलात, एक सावली विरल्यावर लगेच, एक त्याच्यावर एक छटा, एक पिवळ्यावर, आणि पाचवी नुसती हवेवर गार. पाचही पट्ट्या व्हाइसमध्ये धरून, वर जाड फडकं टाकून, गॉगल लावून मोडा. पहिली बहुधा वाकेल, मोडणार नाही. योग्य तावाची मोडेल आणि मोडलेली जागा राखेसारखी करडी, मऊसर, मखमली दिसेल. पिवळ्यावरची मोडेल तेव्हा आत साखरेसारखे दाणे चमकतील. हे दाणे एकदा स्वतःच्या हातानं मोडून बघितले की "जास्त तापलं" म्हणजे काय हे आयुष्यभर सांगावं लागत नाही.

घडवताना पाटा पिवळ्यापर्यंत तापवावा लागतो, त्यामुळे सगळ्यांचेच कण मोठे होतात. ते पुन्हा बारीक करायला सुरी घडवून झाल्यावर तीन ताव नुसते द्यायचे. सावली विरेपर्यंत तापवायची आणि वारा लागणार नाही अशा जागी लोंबती ठेवून काळी होऊ द्यायची, पुन्हा थोड्या कमी तावावर तेच, पुन्हा तेच. ही पायरी तुमच्या वर्णनात कुठंच नाही. पाणी देण्याइतकीच ती महत्त्वाची आहे, फक्त तिथं ठिणग्या नाहीत की तेलाचा भडका नाही, म्हणून कुणी दाखवत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला येतो, पोलाद कोणतं. परदेशातून काही मागवू नका. पण भंगारातल्या पाट्यालाही मी सुरीसाठी सध्या नको म्हणेन, आणि यावर माझं बऱ्याच हौशी मित्रांशी पटत नाही. ते म्हणतात फुकटात मिळतंय ते वापरा. घडवायचा सराव करायला जरूर वापरा. मात्र पाणी द्यायला शिकताना हातात काय आहे हे नक्की माहीत असावं, म्हणजे बिघडलं तर एक संशयित कमी. पुण्या-कोल्हापुरातल्या स्टीलच्या दुकानांत इएन ९ ची पट्टी मिळते, कार्बन ०.५ ते ०.६, साधं सरळ पोलाद. पाट्याचंच नवं पोलाद हवं तर इएन ४५ ची चपटी पट्टी मागा. घेताना टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स मागून घ्या. बेअरिंगचं इएन ३१ सध्या लांब ठेवा. त्यात एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं, धार सुंदर राहते, पण ताव चुकला तर माफी नाही. आणि घर बांधताना उरलेली टीएमटी सळई सुरीसाठी वापरूच नका. तिच्यात कार्बन कमी असतो. तिचं वरचं कडक कवच कारखान्यात पाण्याचे फवारे मारून आणलेलं असतं, ते तुमच्या पहिल्या तावातच जातं.

पाणी की तेल? या पोलादांना तेल. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, त्याच्या धुरात काय काय असतं ते नाकात घ्यायचं नाही. मी शेंगतेल वापरतो, सूर्यफूलही चालतं. एका सुरीला चार-पाच लिटर लागतं. कपभर तेलात बुडवलं तर तेलच तापतं. उंच, अरुंद पत्र्याचा डबा घ्या, त्याला बसणारं झाकण शेजारी, कोरड्या वाळूची पाटी हाताशी. तेलात पाण्याचा थेंब नको आणि डबा प्लॅस्टिकचा नको. आधी एखादा लोखंडी तुकडा तापवून तेलात घाला, बोट जेमतेम सोसेल इतकं तेल गरम झालं की पुरे. बोट अर्थात तुकडा काढल्यावर. सुरी सरळ उभी घाला, सांडशीसकट खाली-वर हलवा. आडवी ढवळलीत तर एका बाजूनं आधी निवून धनुष्यासारखी वाकेल.

तेलातून निघालेली सुरी काचेसारखी असते. हातातून फरशीवर पडली तर दोन तुकडे. त्याच दिवशी तिला पुन्हा हलका ताव द्यावाच लागतो, उद्यावर टाकू नका. पातं घासून चकचकीत करा आणि २०० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. जुना ओव्हन वेगळा घ्या. मी घरातला वापरला होता. पुढचे तीन केक शेंगतेलाच्या वासाचे झाले आणि त्यानंतर ओव्हन कायमचा शेडमध्ये आला. ओव्हन नसेल तर लाल तापलेल्या लोखंडी ठोकळ्यावर सुरीची पाठ टेकवून चकचकीत पात्यावर चढणारे रंग बघायचे: आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा, मग गुळासारखा तांबूस, मग जांभळा, मग निळा. स्वयंपाकाच्या सुरीला धारेवर कडब्याचा रंग आला की पाण्यात बुडवून थांबवा. नारळ सोलायचा असेल तर तांबूसपर्यंत जाऊ द्या. कोयता, खुरपं यांना जांभळा-निळा, कारण त्यांना दगडावर आपटायचं असतं.

"मग आमचे लोहार तर पाट्याचा कोयता पाण्यातच बुडवतात," असं तुम्ही म्हणाल. बुडवतात, आणि त्यांचा तडकत नाही. पण नीट बघा. ते अख्खं पातं बुडवत नाहीत. धारेचा बोटभर भाग पाण्यात टेकवतात, वर काढतात, विटेच्या तुकड्यानं खपली घासतात आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना रंग बघत थांबतात. हवा तो रंग आला की मगच पुढचं. म्हणजे कडक करणं आणि सैल सोडणं ही दोन्ही कामं एकाच तावात, एका मिनिटाच्या आत. जाड पाठीच्या कोयत्याला हे जमतं. तुमच्या पातळ सुरीला पाठीत तेवढी उष्णताच शिल्लक नसते. मी हे एका फिरत्या लोहाराच्या पालाशेजारी तीन दिवस पोत्यावर बसून बघितलंय. त्याला विचारलं की किती वेळ पाण्यात ठेवायचं, तर तो म्हणाला, "तुम्ही चहा घ्या, मी करतो ते बघा." तुमच्या गावात लोहार आहेत हे नशीब समजा. खुरपं शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढायला, घेऊन जा, पैसे द्या, आणि बाजूला बसा. प्रश्न कमी विचारा.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. सुऱ्या थोडे दिवस बाजूला ठेवा. सुरी ही दिसायला सोपी आणि करायला सगळ्यांत अवघड वस्तू, कारण तिच्यात चूक लपत नाही. मी गेल्या काही महिन्यांत भट्टीवर केलेल्या वस्तू सांगतो: दारामागच्या चार खुंट्या, चुलीचा चिमटा, स्वतःसाठी एक सांडशी, आणि विहिरीचा गळ. यातल्या एकीलाही पाणी द्यावं लागलं नाही. सगळं साधं मऊ लोखंड.

गळाबद्दल जरा लांबण लावतो, कारण तावाचं शिक्षण त्यात पुरेपूर आहे. भावाच्या विहिरीत पोहरा पडला आणि गावात गळ कुणाकडेच नव्हता. पूर्वी आळीत एकाकडे तरी असायचा आणि सगळे मागून न्यायचे. मी ८ मिलीमीटरच्या तीन सळया घेतल्या, फूट-फूट लांब. प्रत्येकीचं एक टोक निमुळतं केलं: आधी चौकोनी, मग अठपैलू, मग गोल. थेट गोल ठोकत गेलात तर सळई आतून चिरते. मग तिन्ही सळया तारेनं एकत्र बांधून मागची टोकं एकजीव करायची होती, वेल्डिंग मशीन न लावता. केशरी तावावर टाकणखार भुरभुरला. तो वितळून लोखंडावर काचेसारखा पसरतो आणि हवा लागू देत नाही. मग पांढरट पिवळ्यापर्यंत, म्हणजे सळई ओली-ओली दिसायला लागते आणि ठिणगी फुटायच्या बेतात असते तिथवर. काढून हलक्या हातानं भराभर ठोकलं. दोन सळया चिकटल्या, तिसरी सुटून बाजूला झाली. ती विस्तवाच्या बाहेरच्या अंगाला होती, पिवळी होती पण पांढरट नव्हती. दुसऱ्या खेपेला जुडगा विस्तवात सतत फिरवत ठेवला आणि तिन्ही बसल्या. पुढं मागच्या टोकाची कडी वळवली, आणि तिन्ही आकडे बाहेरच्या बाजूला वाकवले, ते मात्र साध्या लाल तावावर, नाहीतर सळई वाकायच्या जागी ताणून बारीक होते. एका वस्तूत चार वेगळे ताव. पोहरा तर निघालाच, सोबत कुणाच्या तरी जमान्यातली चेपलेली कळशीही वर आली. तिच्यावर हक्क कुणाचा, यावर दोन घरांत अजून चर्चा चालू आहे.

असा एक गळ, चार खुंट्या आणि स्वतःची सांडशी झाली की मग तिसरी सुरी. हातोडा किलोच्या आतला ठेवा. दोन किलोचा घेऊन चार दिवसांत मनगट धरून बसलेले हौशी मी बघितलेत.

ऐरण म्हणून रेल्वेचा रूळ शोधताय असं लिहिलंत. तुकडा उत्तम चालतो, आणि आडव्यापेक्षा उभा पुरला तर जास्त चांगला, कारण घावाखाली सगळं वजन येतं. पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. पावती नसलेला रूळ भंगारवाल्यानं हसत दिला तरी घेऊ नका. ट्रकच्या ॲक्सलचा जाड तुकडा पिंपात वाळू भरून उभा केला तरी तुमचं काम भागेल, आणि वाळूमुळे शेजाऱ्यांच्या कानाला त्रासही कमी. भट्टी बंद खोलीत पेटवू नका, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. आणि "पुढे कट्यार करायची आहे" हे वाक्य वाचलं. स्वयंपाक, शेती, कारखाना यांसाठी नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती शस्त्रांच्या नियमांत येतात. आधी ते नियम वाचा.

शेवटी ती तडकलेली सुरी. फेकू नका. व्हाइसमध्ये धरून तड्यावरच मोडा आणि मोडलेली जागा भिंगातून बघा. तडा आतून स्वच्छ करडा असेल तर तो पाण्यात पडला, म्हणजे मी वर लिहिलं तसंच. आत साखरेचे दाणे असतील तर ताव जास्त होता. पण तड्याचा काही भाग काळा, खपली धरलेला निघाला तर माझं निदान अर्धं चुकलं. मग तो तडा बुडवायच्या आधीपासून होता. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून धावलेल्या पाट्यात अशा डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात, किंवा तुम्ही पातं काळं पडल्यावरही ठोकत राहिलात. तसं असेल तर त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून दुसरं काही घडवू नका. मुठीकडचा जो अर्धा भाग शाबूत राहील तो डाळिंबी तावावर नेऊन राखेत रात्रभर पुरून ठेवा. सकाळपर्यंत मऊ होईल, मग कानशीनं घासून त्याची कुंडीतली माती उकरायची खुरपी करा.